घरून काम : ‘घरातच तर आहेस’ आणि इतर प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न घरून काम करणाऱ्यांचे आहेत. पुण्या-बेंगळूरच्या कंपनीचं काम बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून करणारे आता गल्लोगल्ली भेटतात. कंपनी आपल्याकडून नेमकं काय धरून चालली आहे, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना कुणी नीट सांगितलंय. एक प्रश्न मालकाचाही आहे, तो मुद्दाम घेतला आहे.

प्रश्न : जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव. पुण्याच्या कंपनीसाठी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घेण्याचं काम घरून करतो. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, नेटही जातं. गेल्या महिन्यात तीनदा शिफ्टमधूनच गायब झालो. टीम लीडर म्हणतात, ही तुमची जबाबदारी. पाऊस माझ्या हातात आहे का? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही. पण जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैत काय होतं हे तुम्ही लहानपणापासून बघताय. तुमच्या टीम लीडरनी ते कधी बघितलेलं नाही. पुण्यात लाईट गेली तर अर्ध्या तासात येते, असाच त्यांचा अंदाज असणार. त्यांचा राग लाईट गेल्याचा नाही. तुम्ही दिसेनासे झालात, कारण कळलं नाही आणि रांगेतले ग्राहक ताटकळले, याचा तो राग आहे.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. लाईट गेल्यावर पाच मिनिटांच्या आत साधा फोन किंवा एसएमएस करायचा. व्हॉट्सअॅपवर विसंबू नका, डेटाच बंद असेल तर तो निरोप तुमच्याच फोनमध्ये पडून राहील. निरोपात तीन गोष्टी हव्यात : काय झालंय, किती वेळ लागेल असं वाटतं, आणि पुन्हा कधी कळवाल. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या, दुरुस्तीची सूचना आदल्या दिवशी पेपरात येते, ‘अमुक फीडरवर सकाळी दहापासून वीज बंद’ म्हणून. तिचा फोटो काढून रात्रीच पुण्याला पाठवा.

आता सामानाकडे. तुमच्याकडे फायबर असेल तर लाईट गेल्यावर तार मरत नाही, मरतो घरातला राउटर. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, अडॅप्टरवर बघा. अशा राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो तीन-चार तास सहज काढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याआधी राउटर त्याला जोडा. झाड पडून तारच तुटली तर मात्र यूपीएसचा काही उपयोग नाही. त्यासाठी मोबाईलचं दुसरं सिम हवं, आणि तेही फायबर ज्या कंपनीचं तिचं नको. एवढं करूनही लाईट दिवसभर गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. मग तिसरी सोय म्हणजे जागा. खानापुरात किंवा बेळगावात मावशी-मामांकडे एक टेबल आधीच बोलून ठेवा आणि हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की आदल्या संध्याकाळीच तिकडे जा.

अजून एक, जे फारसं कुणी मागत नाही. फोनवरच्या कामाला अखंड नेट लागतं. लेखी तक्रारींना, ई-मेलना उत्तरं द्यायला तुटक नेटही चालतं. वाईट दिवसांत मला लेखी रांग द्या, अशी मागणी करून बघा. बऱ्याच टीम लीडरना हे सुचलेलंच नसतं.

खर्च कुणाचा, हे नेमणूकपत्रात शोधा. तिथे काही नसेल तर मागा, लेखी मागा. आणि हे सगळं बोलायची वेळ मे महिन्यात असते. तीनदा गायब झाल्यानंतर ऑगस्टमध्ये तेच सांगितलं, तर ते खरं असूनही सबब वाटतं.

प्रश्न : लग्न होऊन वडगावला आले. बेंगळूरच्या कंपनीत अकाउंट्सचं काम आहे, दहा ते सात. सासूबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण ‘घरातच तर आहेस’ म्हणून सिलिंडर घेण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं माझ्याकडे. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या ऐकू गेल्या आणि मॅनेजरनी सगळ्यांसमोर टोमणा मारला. दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतंय. पुढे मूल झाल्यावर तरी हे जमेल का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी शिट्टीचं. घरात कुकर लागतो, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? बोलायचं नसेल तेव्हा माईक बंद ठेवायचा, एवढंच तुमच्याकडून अपेक्षित आहे. टोमण्याबद्दल मॅनेजरशी एकट्याने बोला : ‘सर, आवाजाची काळजी मी घेते, पण सगळ्यांसमोर बोललात ते बरं वाटलं नाही.’ बहुतेक माणसं एवढ्यावर सावरतात. बाहेरचा ग्राहक बैठकीत असेल तेव्हा मात्र बंद दाराची खोली आणि इअरफोन हवेतच, तिथे सवलत मागू नका.

घरचं अवघड आहे, कारण तुमच्या सासूबाईंना काम दिसतच नाही. शेतावर जाणारा, मागावर बसणारा, शाळेत शिकवणारी, यांचं काम दिसतं. वडगावात तर घरातल्या घरात माग चालत आले आहेत, पण मागाचा आवाज यायचा, म्हणून काम चालू आहे हे सगळ्या आळीला कळायचं. तुम्ही लॅपटॉपसमोर गप्प बसलेल्या असता. मालिका बघणारी सूनही तशीच बसते.

माझा सल्ला, नऊ तासांची शांतता मागू नका. मिळणार नाही, आणि मागितली म्हणून जी थोडी मिळाली असती तीही जाईल. रोजचे दोन तास निवडा, ज्यात तुम्हाला खरंच हाक नको, आणि तेवढेच पाळायला सांगा. तुमचं काम अकाउंट्सचं आहे, म्हणजे महिन्यातले जड दिवस आधीच ठरलेले. टीडीएस भरायची ७ तारीख, दरमहा जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० तारीख. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर एकादशी-संकष्टीच्या शेजारीच या तारखांना खूण करा. त्या दिवशी पाहुणे आले तर चहा कोण करणार, हे खूण करतानाच ठरवायचं. आणि हे बोलणं तुम्ही करायचं नाही. तुमच्या यजमानांनी आपल्या आईशी करायचं. सुनेने सांगितलं की तक्रार होते, मुलाने सांगितलं की घरची व्यवस्था होते. हे मला पटतं असं नाही, पण असंच आहे.

कंपनीकडेही एक काम आहे. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये जेवणाचा तास उघडपणे लिहा. लपूनछपून पोळ्या लाटायला उठणं आणि ‘एक ते दोन जेवण’ असं लिहून उठणं, यात मिनिटं तेवढीच जातात, पण पहिल्यात दिवसभर जीव धास्तावलेला राहतो.

मुलाबद्दल. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्याच दुरुस्तीत, काम तसं असेल तर रजा संपल्यावर घरून काम देता येईल, अशी तरतूद आली. पण ती परस्पर संमतीने आहे, मागितलं की मिळालंच असा हक्क नाही. म्हणून रजेवर जाण्याआधीच मुदत आणि वेळा लेखी ठरवून घ्या. घरून काम आहे म्हणजे बाळाकडे बघायला दुसरं माणूस लागणार नाही, असं घरात कुणाच्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. सहा महिन्यांचं मूल आणि महिनाअखेर एकाच मांडीवर बसत नाहीत.

प्रश्न : कंपनीने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलंय. ते दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढतं. आता कॅमेरा दिवसभर चालू ठेवा म्हणतात. हे कायद्यात बसतं का? – निपाणीचा वाचक

उत्तर : लॅपटॉप कंपनीचा असेल आणि तुम्हाला आधी सांगितलं असेल, तर स्क्रीनच्या फोटोवर तुम्ही फार भांडू शकणार नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण नोकरीसाठी लागणारी माहिती वापरण्याची आणि कंपनीचं नुकसान टाळण्याची बरीच मोकळीक त्यात मालकाला दिली आहे. तेव्हा शहाणपण एकच : त्या लॅपटॉपवर बँक, घरचे फोटो, भावाचा बायोडाटा काहीही उघडू नका.

लॅपटॉप तुमचा स्वतःचा असेल तर गोष्ट वेगळी. ‘हे सॉफ्टवेअर टाकायचं तर कंपनीचा लॅपटॉप द्या’ असं म्हणा. तोवर निदान त्याच मशीनवर कामासाठी वेगळं खातं तरी करा.

कॅमेऱ्याचं मला अजिबात पटत नाही. बैठकीत चेहरा दाखवणं समजू शकतो. दिवसभर कॅमेरा म्हणजे तुमच्या मागून जाणारी आई, कपडे वाळत घालणारी बहीण यांच्यावरही नजर, आणि त्यांनी कुठल्याही नेमणूकपत्रावर सही केलेली नाही. नेमकं हेच लेखी विचारा : घरच्या इतरांचं चित्रण होतंय, ते कुठे साठवता, कोण बघतं, कधी पुसता? शिवाय दिवसभराच्या व्हिडिओला तासाला साधारण एक जीबीच्या घरात डेटा जातो, तोही तुमच्या खिशातून. हे गणित मांडल्यावर मागणी बऱ्याचदा बैठकीपुरती उतरते.

आपोआप माऊस हलवत ठेवणारी यंत्रं विकत मिळतात, कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. घेऊ नका. पकडलं गेलं की चर्चा तुमच्या खोटेपणाची होते, कॅमेऱ्याचा विषय तिथेच संपतो.

प्रश्न : कंपनी पुण्याची, मी बेळगावात. सुट्ट्या कुठल्या राज्याच्या?

उत्तर : ज्या कार्यालयाच्या पटावर तुमचं नाव आहे, तिथली यादी कंपन्या साधारणपणे लावतात. म्हणजे १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीची सुट्टी पुण्याच्या यादीत असू शकते. कर्नाटकात आस्थापनांच्या सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा १ नोव्हेंबरची सुट्टी देतो, ती पुण्याच्या यादीत नसणार. पाडव्याला भांडण नाही, गुढी आणि युगादी एकाच दिवशी. खरी अडचण आपल्या खास दिवसांची. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना रात्रभर गर्दी असते, १ नोव्हेंबरला रस्ते बंद आणि स्पीकर चालू. पुण्यातल्या मॅनेजरच्या कॅलेंडरवर यातलं काही नाही. जानेवारीतच हे तीन-चार दिवस सांगून ऐच्छिक सुट्टी किंवा बदली दिवस ठरवून घ्या. डॉल्बी दारात आल्यावर रजा मागू नका.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत माझा फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाचा, छोटा कारखाना आहे. ड्रॉइंग करणारा मुलगा चांगला आहे, वडिलांच्या आजारपणामुळे चंदगडकडच्या गावी राहून काम करतो. मी दिवसातून सात-आठ फोन करतो, कधी उचलतो, कधी नाही. तो खरंच काम करतोय हे कळणार कसं?

उत्तर : साहेब, कारखान्यात असताना तो काम करतोय हे तुम्हाला कसं कळायचं? खुर्चीत दिसायचा म्हणून. ड्रॉइंग चुकायचं तेव्हाही तो खुर्चीतच दिसायचा.

सात-आठ फोन बंद करा. माप टाकत असताना फोन वाजला आणि एक आकडा चुकला, तर त्याच चुकीचं पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनेल आणि आख्खा लॉट भंगारात जाईल. सकाळी दहा मिनिटं बोलायचं : आज कुठली ड्रॉइंग, किती वाजेपर्यंत, तपासणार कोण. संध्याकाळी त्याने फायली पाठवायच्या, नावात सुधारणेचा क्रमांक घालून, म्हणजे कारखान्यात जुनं ड्रॉइंग फिरणार नाही. मधे फोन फक्त मशीन थांबलं असेल तर, आणि तो मात्र त्याने उचललाच पाहिजे. पॅटर्नवाल्याची शंका असेल तर शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा. आठवड्यातून एक दिवस मात्र त्याला कारखान्यात बोलवाच. चंदगड काही लांब नाही, आणि ओतलेलं कास्टिंग हातात न घेता चांगलं ड्रॉइंग फार दिवस निघत नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. त्याला कारखान्याचा कॉम्प्युटर घरी द्या. ग्राहकाची ड्रॉइंग त्याच्या घरच्या मशीनवर पडून राहणं बरं नाही, आणि त्या मशीनवर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चोरीचं असेल तर त्याचं झेंगट उद्या तुमच्या कारखान्याच्या गळ्यात येतं. रात्री आठनंतर फोन करायचा असेल, तर तशी बोली आधी करा आणि त्याचे पैसे द्या.

प्रश्न : घरबसल्या फॉर्म भरायचं काम घेतलं होतं. मुदतीत झालं नाही म्हणून ‘करार मोडला, दंड भरा’ अशी वकिलाची नोटीस व्हॉट्सअॅपवर आली आहे. आई-बाबांना सांगितलेलं नाही. – चिकोडी तालुक्यातली वाचक

उत्तर : आज सांगा. ही ठगांची जुनी पद्धत आहे. कुणालाच जमणार नाही इतकं काम द्यायचं, चुका दाखवायच्या, मग करार आणि कोर्टाची भीती घालून पैसे उकळायचे. पैसे भरू नका, कारण एकदा भरले की दुसरी नोटीस येते. सगळे मेसेज, नंबर, तो करार यांचे फोटो जपून ठेवा आणि मगच नंबर ब्लॉक करा. याआधी नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आधारची प्रत दिली असेल तर आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि बँकेत जाऊन खात्यावरचे व्यवहार तपासून घ्या.