चाकू, सुरी आणि 'खिसाचाकू'

प्रश्न असा आहे : "जुन्या घडणीचे, मिटणारे चाकू जमवायचा मला नाद आहे. त्यातला एखादा रोज खिशात असतो. फळ कापायला, सुतळी तोडायला, पाकीट फोडायला उपयोगी पडतो. 'पॉकेट नाइफ'ला मराठीत काय म्हणावे? 'खिसाचाकू' म्हटले की लोक हसतात. एका ज्येष्ठ स्नेह्यांचे मत असे की 'चाकू' परका आणि 'सुरी' अस्सल मराठी, तेव्हा 'खिशातली सुरी' म्हणावे. आणि मी चाकू 'बाळगतो' म्हटले की ऐकणारा दचकतो. यावर काय उपाय?"

आधी उत्तर देऊन टाकतो, कारणे मागाहून. नुसते 'चाकू' म्हणा. घोटाळा होईल असे वाटले तर 'घडीचा चाकू' म्हणा. 'खिसाचाकू' नको. मराठीत 'खिसा'पासून झालेला सर्वांत रूढ समास 'खिसेकापू' आहे, आणि त्याच्या शेजारी पात्याची एखादी वस्तू आणून ठेवली की ऐकणाऱ्याचे मन तिकडेच जाणार. लोक हसतात ते शब्दाच्या नवेपणाला नव्हे. स्नेह्यांच्या 'खिशातली सुरी'बद्दल एवढेच सांगतो, की 'खिसा'ही फारसीच आहे. परक्याला दाराबाहेर काढायचे तर त्याला खिशासकट काढावे लागेल.

पण सुरीचे कुळ खरोखरच जुने आहे, आणि त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. संस्कृतात 'क्षुर' म्हणजे वस्तरा. कठोपनिषदातली 'क्षुरस्य धारा' ती हीच. न्हाव्याच्या हातातली, तलवारीची नव्हे. त्याचे छोटे रूप 'क्षुरिका' किंवा 'छुरिका', प्राकृतात 'छुरिआ'. हिंदीने इथला 'छ' जपला आणि 'छुरी' केली. मराठीने तो सोडून 'स' घेतला आणि 'सुरी' केली. ही खोड मराठीची सगळीकडची. हिंदीत कछुआ, आपल्याकडे कासव. तिकडे मछली, इकडे मासा. बछड्याचे वासरू झाले, 'पूछना'चे 'पुसणे'. 'क्षण'चा प्राकृतात 'छण' झाला आणि मराठीत त्याचा 'सण' झाला, तोही याच वाटेने. तेव्हा छुरी आणि सुरी हे दोन वेगळे शब्द नाहीत, एकाच शब्दाचे दोन प्रांतांतले उच्चार आहेत.

क्ष मात्र प्राकृतात दोन वाटांनी फुटला. एक 'छ'ची, दुसरी 'ख'ची. दुसऱ्या वाटेवर 'क्षुरप्र'चे 'खुरपे' झाले. म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी आणि शेतातले खुरपे सख्खे चुलत भाऊबंद. 'क्षेत्र'चे तर दोन्ही झाले : हिंदीत खेत, मराठीत शेत.

मग मूळ वस्तऱ्याचे काय झाले? सुरी जशी भाजीपाला, मांस, दोरखंड कापायला लागली, तशी हजामतीची जागा रिकामी झाली आणि तिथे फारसीतला 'उस्तुरा' येऊन 'वस्तरा' झाला. 'क्षौर' तेवढे पोथीत आणि धर्मकृत्यांत राहिले. वस्तऱ्याच्या शब्दाने चाकूकडे सरकायचे हे आपल्याच भाषेत घडले असेही नाही. स्पेनमध्ये घडीच्या मोठ्या चाकूला 'नवाखा' म्हणतात, आल्बासेते शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा शब्द लॅटिन 'नोवाकुला' म्हणजे वस्तरा यापासून आला, आणि स्पॅनिशमध्ये आजही दाढीच्या वस्तऱ्याला आणि मिटणाऱ्या चाकूला तो एकच शब्द चालतो. वस्तराही मुठीत मिटतो, हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही.

आता 'चाकू'कडे. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत तुर्कीकडून. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इथे आहे. फारसीत दोन शब्द आहेत : 'कार्द' आणि 'चाकू'. कार्द म्हणजे अखंड, न मिटणारे पाते, जेवणाच्या मेजावरचे किंवा खाटकाचे. चाकू म्हणजे बहुधा घडी होणारा, खिशात मावणारा. इराणातल्या झंजान शहराचे चाकू नावाजलेले आहेत. तुर्कीतही तोच भेद : 'बिचाक' म्हणजे सुरी, आणि 'चाकी'च्या जवळपास उच्चार असलेला शब्द म्हणजे खास खिशातला मिटता चाकू. म्हणजे 'घडीचा' हे विशेषण 'चाकू'च्या पोटातच होते. आपण मराठीत ते पातळ केले, आणि स्टीलच्या दुकानात फळे कापायची सुरीही 'चाकू' म्हणूनच विकली जाऊ लागली. तरी जुन्या पिढीच्या बोलण्यात फरक ऐकू येतो. पेन्सिलीला टोक करायचे तर चाकू, पाव कापायचा तर सुरी, बकरा कापायचा तर सुरा किंवा सत्तूर. (हा सत्तूरही फारसीमार्गेच आलेला.) अडकित्त्याच्या पोटात कानडी 'अडके' म्हणजे सुपारी बसलेली आहे. कापायच्या हत्यारांबाबत मराठीने कोणाचे वावडे ठेवलेले दिसत नाही.

चाकू उशिरा आला याची खूण व्याकरणातही आहे. विंचू, नातू, भाऊ, लाडू या जुन्या ऊकारान्त पुल्लिंगी शब्दांची सामान्यरूपे विंचवाचा, नातवाचा, भावाचा, लाडवाचा अशी होतात. चाकूचे 'चाकवाचा' होत नाही. काजू, तराजू यांचेही नाही. काजू पोर्तुगिजांनी आणला, तराजू फारसीतून आला. वेळाने आलेल्यांनी आपला ऊ तसाच धरून ठेवला. (गुरू, शत्रू हे तत्समही ऊ सोडत नाहीत, पण त्यांचे कारण निराळे.) म्हणींमध्येही तेच. 'सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही' ही म्हण घरोघरी. मान कापायची, गळ्यावर ठेवायची ती सुरीच. चाकूची एकही मुरलेली म्हण मला आठवत नाही.

जाता जाता एक खबरदारी. 'सुऱ्याने' हे 'सुरा'चे एकवचन, 'सुरीने' हे 'सुरी'चे. 'सुऱ्यांनी' मात्र दोघांचे अनेकवचन, तिथे हत्यार केवढे होते ते वाक्यावरूनच कळायचे. बातम्यांत यावरून भाजीच्या सुरीचा सुरा झालेला मी पाहिला आहे.

घडीच्या चाकूंचे प्रकार सांगायला मराठीत शब्द आहेत, ते वापरा. पाते, मूठ, धार, धारेच्या उलट बाजूची पाठ, टोक. उघडल्यावर पाते आपोआप मिटू नये म्हणून जी सोय असते तिला 'अडसर' म्हणायला हरकत नाही, आणि दाबून सोडवायच्या कळीला 'खटका'. कळ दाबताच पाते झटकन बाहेर येते तो खटक्याचा चाकू. मुंबईच्या बोलीत 'बटनाचा'. रामपुरी याच घराण्यातला. उत्तर प्रदेशातल्या रामपूर संस्थानात हा धंदा वाढला, पाती नऊ ते बारा इंचांपर्यंत असत. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांनी त्याला देशभर नेले. पुढे १९९०च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा बसला. २०२३ साली त्याच शहरात एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला आहे. ज्याने बदनाम केले त्याचाच पुतळा. मराठीत नुसते 'रामपुरी' म्हटले तर लिंग कोणते? पुल्लिंग. 'त्याने रामपुरी काढला', कारण 'चाकू' अध्याहृत आहे. 'पैठणी नेसली' म्हणताना साडी अध्याहृत असते, तसेच.

नुसत्या आवळलेल्या रिव्हेटवर उभ्या राहणाऱ्या, कसलाही अडसर नसलेल्या चाकूला मात्र वेगळे नाव मला मराठीत आढळले नाही. जपानी 'हिगोनोकामी' त्या जातीचा : पाते, वाकवलेल्या पत्र्याची मूठ, आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबून धरायची एक शेपटी. तिथे 'बिनअडसरी' म्हणून भागवा. शब्द पाडायचाच असेल तर तो तोंडात बसणारा पाडावा.

इंग्रजीत अशा छोट्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाच्या लेखणीचे टोक तासायला वापरत म्हणून. फारसी आणि उर्दूत त्याचा जोड शब्द 'कलमतराश'. आपल्याकडे बोरूचे तसेच. बोरूचे टोक आधी तिरके तासायचे, मग त्याला मधोमध बारीक चीर द्यायची म्हणजे शाई उतरते, आणि शेवटी टोकावर एक आडवा काप. लिहिता लिहिता टोक बोथटले की पुन्हा चाकू काढायचा. म्हणजे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला चाकू हे रोजचे लेखनसाहित्यच होते. तुम्ही रोज चाकू जवळ ठेवता यात नवे काही नाही, नव्या आहेत त्या फक्त दचकणाऱ्या भुवया.

बोरूला 'कलम' म्हणतात आणि हापूसच्या रोपालाही 'कलम' म्हणतात, शब्द एकच. आणि त्या दुसऱ्या कलमालाही चाकू लागतोच. पावसाच्या सुरुवातीला कोकणातल्या रोपवाटिकेत कोय कलमे बांधताना पाहा. कोय रुजून आलेल्या तांबूस कोवळ्या रोपाचा शेंडा उडवतात, राहिलेल्या दांड्यात वरून उभी चीर घेतात. हापूसच्या झाडावरून आणलेली कलमकाडी खालच्या टोकाला दोन्हीकडून तासून पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळतात. तासलेली बाजू एका ओढीत, सपाट उतरली पाहिजे. पाते बोथट असेल तर साल फाटते आणि जोड धरत नाही. म्हणून बांधणारा मधूनमधून चाकू निसण्यावर ओढत असतो. 'निसणा' हा शब्द तुमच्या संग्रहाच्या पेटीत जरूर असू द्या, 'शार्पनिंग स्टोन' लिहायची गरज नाही. गावाकडे लोहाराकडून विळा-कुऱ्हाड 'शेवटून' आणतात. ते भट्टीत तापवून, ठोकून धार काढणे. निसण्यावरच्या कामाला 'धार लावणे'च म्हणावे. आणि पोलादाला 'पाणी पाजणे' हे तिसरे, तापवून विझवणे; त्याला धारेशी गोंधळू नका.

आता 'बाळगणे'. हे क्रियापद मुळात साधे आहे. आपण मौन बाळगतो, संयम बाळगतो, अभिमान बाळगतो; पूर्वी पदरी माणसेही बाळगत. पण कर्म पिस्तूल, गांजा किंवा चाकू असले की त्याला 'प्रकरणी' हा शब्द आपोआप चिकटतो. 'बेकायदा शस्त्र बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक' हे आपण इतक्यांदा वाचले आहे की वाक्य अर्ध्यावर असतानाच कान हातकड्या ऐकतो. मराठीत अशा ठिकाणी सरळ वाट असते : 'माझ्याजवळ चाकू असतो', 'खिशात चाकू असतो'. कर्ता बाजूला झाला की दहशतही जाते. 'रोज बाळगायच्या वस्तू' असे जे इंग्रजीवरून लिहिले जाते त्यापेक्षा 'रोजचा चाकू' म्हणा. रोजचा डबा, रोजची छत्री, तसा.

शब्द बदलला म्हणून कायदा बदलत नाही, हेही सांगून ठेवतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या हत्यारांना त्यातून वगळले आहे. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१चे कलम ३७ आहे. (हे 'कलम' तिसरे.) त्याखाली सणासुदीला, निवडणुकीला जे मनाई आदेश निघतात त्यांत सोटे, तलवारी, भाले, बंदुका यांच्या रांगेत बहुधा 'सुरे' हा शब्द येतो, 'चाकू' नव्हे. पण नाक्यावरच्या हवालदाराशी व्युत्पत्तीवर वाद घालू नका. विमानात हातातल्या बॅगेतही नको, सामानात द्या.

राहिला संग्रहातल्या चिठ्ठ्यांचा प्रश्न. विदेशी चाकूंची नावे ज्या त्या भाषेतल्या उच्चाराने लिहावीत. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात जोझेफ ओपिनेलने १८९०च्या सुमारास केलेला तो 'ओपिनेल'. त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरते कडे असते, ते १९५५ साली आले. तेव्हा 'ओपिनेल, क्रमांक ८, घडीचा चाकू, कड्याचा अडसर' असे लिहिले की कोणालाही कळेल. स्वित्झर्लंडच्या इबाख गावी कार्ल एल्सेनरने १८९७ साली काढलेला तो मूळचा 'अधिकाऱ्यांचा चाकू'. 'स्विस आर्मी' हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी लावले. आपल्याकडे 'स्विस चाकू' रुळले आहे, ते राहू द्या. आणि स्प्रिंगवर माशी कोरलेला तो फ्रेंच चाकू, ज्याच्या नावातला 'ग' लिहितात पण म्हणत नाहीत, तो गावकऱ्यांच्या तोंडी 'लायोल' आहे. 'लागुइओल' लिहू नका.