तुन्ही मूठ धरू ना?

"मॅडम, पत्र आलं. 26 जानेवारी, सकाळी दहा वाजता. जाऊ की नको, तेच कळत नाही."

जळगावात संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, मेलबर्नला रात्रीचे अकरा. बायको-मुलगी झोपल्यावर तो स्वयंपाकघरात बसून माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा. घरी सगळे त्याला भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच म्हणते. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

परदेशात स्थिरावलेली आपली मुलं नागरिकत्वाच्या शपथविधीचं पत्र आलं की एकदम ढासळतात, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. अर्ज भरताना काही वाटत नाही. परीक्षेचंही काही वाटत नाही. ऑस्ट्रेलियात वीस प्रश्न असतात, 75 टक्के लागतात आणि मूल्यांवरचे पाच प्रश्न तर पाचही बरोबर यावे लागतात. भाऊ पहिल्याच फटक्यात पास झाला होता. पण पत्रावर तारीख दिसली आणि झोप उडाली. "मी गद्दारी करतोय असं वाटतं," हे वाक्य त्याने पहिल्या अर्ध्या तासात तीनदा म्हटलं.

तारखेचं दुखणं मला लगेच कळलं. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. निवृत्त झाले तरी 26 जानेवारीला इस्त्रीची टोपी घालून शाळेत झेंडावंदनाला जातातच. लहानपणी भाऊ त्यांच्या सायकलवर पुढे बसून जायचा आणि मैदानावर हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणायचा. त्याच तारखेला दुसऱ्या देशाची शपथ घ्यायची होती.

"तारीख बदलून मागता येईल का?" असं मी विचारलं. मागता येते, म्हणाला. 2022 च्या अखेरीपासून तिथल्या कौन्सिलांना, म्हणजे नगरपालिकांना, 26 जानेवारीच्या तीन दिवस आधी किंवा नंतरही समारंभ घ्यायची मुभा आहे. 1788 साली त्या दिवशी ब्रिटिशांनी तिथे झेंडा रोवला, म्हणून तिथले मूळ रहिवासी तो दिवस शोकाचा मानतात, हेही त्यानेच सांगितलं. मी विचारलं, "समज, 29 तारीख मिळाली. मग झोप लागेल?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "नाही. अप्पांना सांगितलंच नाहीये अजून."

गाठ इथे होती. त्याच्या मनात असं होतं की शपथ घ्यायची, फेब्रुवारीत पुतणीच्या लग्नाला नेहमीसारखं भारतीय पासपोर्टवर यायचं आणि घरी पुढे कधीतरी बोलायचं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, असं होत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. त्यानंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो जमा करायचा. नवा पासपोर्ट काढायचा आणि त्यावर व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, घेऊन यायचं. लग्नाच्या तारखेशी हे सगळं जुळवायला हवं होतं. म्हणजे घरी सांगणं टाळायला जागाच उरली नव्हती. मला तर ते बरंच वाटलं. देश बदलला म्हणून आईवडील तुटल्याचं मी फार पाहिलेलं नाही. बातमी व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून, तीही दुसऱ्याच्या मोबाइलवर कळली म्हणून तुटलेले पाहिले आहेत.

पुढच्या भेटीत आम्ही शपथच वाचायला घेतली. शाळेतल्या धड्यासारखी, एकेक शब्द. तिचा मराठीत अर्थ साधारण असा: या क्षणापासून मी ऑस्ट्रेलिया आणि तिथल्या लोकांशी निष्ठावान राहीन, त्यांच्या लोकशाहीवरच्या श्रद्धा माझ्याही आहेत, त्यांच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा मी आदर करतो, त्यांचे कायदे पाळीन. देवाचं नाव घेऊन म्हणायची एक, न घेता म्हणायची एक, अशी दोन रूपं आहेत, आपण निवडायचं. भाऊने दोनदा वाचली. "यात भारत सोडतो असं कुठे आहे?" नाहीच. अमेरिकेच्या शपथेत जुन्या निष्ठा सोडल्याचं स्पष्ट म्हणावं लागतं, इथे तसं वाक्य नाही. पण म्हणून मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. शब्दांत नसलं तरी आपल्या कायद्याने ते घडतंच, आणि त्याचं वाईट वाटणं खरं आहे. मुलीची पाठवणी करताना आपण रडतो, म्हणून स्थळ चुकलं असं कोणी म्हणत नाही.

मग अप्पा आणि माय यांना बोलावलं. दोघं अमळनेरहून गाडीने आले. मायने येताना डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता, माझ्यासाठी. भाऊ समोर स्क्रीनवर. त्याने एका दमात सांगून टाकलं. अप्पांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. मी देश, झेंडा, असं काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "सातबारावर त्यानं नाव ऱ्हाई ना?"

सातबारावर त्याचं नाव राहील ना, हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण खान्देशात वावर, म्हणजे शेत, हेच माणसाचं ठिकाण. मी माहीत होतं ते सांगितलं: ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. कागद मात्र वकिलाला दाखवून घ्या म्हटलं. मतदानाचा हक्क राहत नाही, गावच्या यादीतलं नाव कमी करावं लागेल, हे ऐकून अप्पांनी मान हलवली. आयुष्यभर निवडणुकीची कामं केलेला माणूस, ते त्यांना पटकन समजलं. तिकडे मत देणं सक्तीचं आहे म्हटल्यावर तर म्हणाले, "हे बरं आहे."

माय तोवर गप्प होती. आपल्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू घेताना त्यांच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मोजतात. भाऊ नऊ वर्षं तिकडे होता, तरी त्याची मूठ एकदाही चुकली नव्हती. माय स्क्रीनकडे सरकली आणि उजवा हात मूठ मिटून वर धरला.

"तुन्ही मूठ धरू ना रे, भाऊ?"

इतके दिवस त्याला वाटत होतं की घरचे त्याला मोजणं सोडतील. माय उलट त्यालाच विचारत होती, तुला आमच्यात राहायचं आहे ना. भाऊला उत्तर देता येईना. तो नुसता मान हलवत राहिला आणि माय मूठ तशीच धरून बसली.

बाकीची तयारी सोपी होती. भाऊने तारीख बदलली नाही. लग्नाला पोचायचं तर पासपोर्टचा अर्ज लवकर जायला हवा होता. पत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र एका पाकिटात आदल्या रात्रीच ठेवलं. आपला पोशाख चालतो हे कळल्यावर लग्नातला फेटा काढला. मुलीला मी एक काम दिलं, बाबाचे डोळे भरले तर त्याचा हात धरायचा, काही बोलायचं नाही.

मेलबर्नचे दहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. अप्पा आठ वाजता झेंड्याला उभे राहिले तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. झेंडावंदन झाल्यावर त्यांनी मैदानातूनच व्हिडिओ कॉल लावला. भाऊने कौन्सिलने भेट दिलेलं तिथल्या झाडाचं रोप कॅमेऱ्यासमोर धरलं. अप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, पानं नीट पाहिली आणि विचारलं, "याला पाणी किती लागतं?"