तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग तांब्याच्या तारेतून वीज गेली की चुंबकत्व कुठून येतं? भार हलला नाही तरी ते तयार होतं का?

ते चुंबकत्व तांब्याचं नाहीच, प्रवाहाचं आहे. विद्युतभार जागच्या जागी असेल तर त्याच्याभोवती फक्त विद्युत क्षेत्र असतं. तो चालायला लागला की चुंबकीय क्षेत्रही येतं. तार ही नुसती वाट. तांब्याऐवजी मिठाचं पाणी असलं तरी तेच घडेल.

हे करूनच बघा. होकायंत्रावर दक्षिणोत्तर तार धरा आणि तिची टोकं सेलला क्षणभर टेकवा (जास्त वेळ नको, तार तापते). प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेकडे वळतं. सेल उलटा केला की पूर्वेकडे. 1820 मध्ये कोपनहेगनला ऑर्स्टेड या शास्त्रज्ञाने हेच पाहिलं. सुई तारेकडे खेचली जात नाही, तारेला आडवी व्हायला बघते, कारण क्षेत्र तारेभोवती गोल फिरतं. मला आजही यात सगळ्यात नवल वाटतं.

1 चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत 1 अँपिअर प्रवाह असताना इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम वीतभर सरकतात. तरी सुई हलते, कारण ते अगणित असतात, आणि तारेतले धन-ऋण भार एकमेकांचं विद्युत क्षेत्र पुसून टाकत असल्याने चुंबकीय परिणाम तेवढा उरतो. त्या तारेपासून 1 सेंटीमीटरवर तो सुमारे 20 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) भरतो. अलिबागला पृथ्वीचं जमिनीला समांतर चुंबकीय क्षेत्र 38च्या आसपास आहे, म्हणजे हा काही किरकोळ नव्हे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणं अलिबागला न्यावी लागली ती याचमुळे. तिथे 1904 पासून नोंदी होताहेत.

आता दुसरा प्रश्न: भार न हलता चुंबकत्व तयार होतं का? होतं! कपॅसिटर (म्हणजे भार साठवणाऱ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या) भारित होताना त्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही, पण तिथलं विद्युत क्षेत्र वाढत असतं आणि त्या बदलानेच भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ही मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाची कल्पना. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युत क्षेत्र येतं हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं होतंच. दोन्ही जोडल्यावर एकातून दुसरं उपजत पुढे जाणारी लाट मिळते. तोच प्रकाश.

प्रयोग मात्र सेलवरच करा, घरच्या विजेवर अजिबात नको. तिथे जिवाला धोका आहे, आणि प्रवाह सेकंदाला 100 वेळा दिशा बदलत असल्याने सुई वळणारही नाही.