टेक्सास की न्यू जर्सी? आधी आजारपणाच्या रजेचं विचार

तुझा मेसेज दोनदा वाचला. कंपनी तुला एल-वन, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर अमेरिकेत पाठवतेय, डॅलस किंवा न्यू जर्सी निवड म्हणतेय. टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, घरभाडंही कमी, म्हणून तुझा कल तिकडं. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता विचारलंयस, "आत्या, तिकडं आजारी पडलं तर पगार कापतात का? आणि फ्लूचा एवढा बाऊ कशाला करतात?" अरे, टॅक्सचं राहू दे, हाच प्रश्न आधी विचारायचा होतास की.

पगारी आजारपणाची रजा द्यायलाच हवी असा देशभर लागू होणारा कायदा अमेरिकेत नाही. १९९३ चा एक कायदा आहे, एफएमएलए म्हणतात त्याला. त्यात बारा आठवड्यांपर्यंत नोकरी शाबूत राहते, पण ती रजा बिनपगारी. शिवाय कंपनीत पन्नास तरी माणसं हवीत, तुझं एक वर्ष भरलेलं हवं आणि त्या वर्षात १,२५० तास काम झालेलं हवं. म्हणजे पहिल्या वर्षी तो तुम्हाला लागूच नाही, आणि साधा फ्लू त्यात सहसा बसतही नाही. कोविडात २०२० साली दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा केंद्राचा कायदा आला होता, तो त्याच डिसेंबरात संपला. बाकी सगळं राज्यावर आणि मालकाच्या मर्जीवर.

न्यू जर्सीत २०१८ च्या ऑक्टोबरपासून कायदा आहे. तीस तास काम केलं की एक तास पगारी रजा जमा होते, वर्षाला चाळीस तासांपर्यंत. मालक लहान असो की मोठा, नोकरी पूर्णवेळ असो की अर्धवेळ, जवळपास सगळ्यांना लागू. ही रजा स्वतःच्या आजारपणाला चालते तशीच मूल, नवरा-बायको, आई-वडील यांच्या आजारपणालाही चालते. सलग तीन किंवा जास्त दिवस घेतली तरच मालक डॉक्टरची चिठ्ठी मागू शकतो, आणि रजा घेतली म्हणून त्रास देणं बेकायदा आहे. टेक्सासात असं काही नाही. डॅलस शहरानं २०१९ मध्ये स्वतःचा नियम केला होता, तो कोर्टानं अडवला. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोचंही तेच झालं.

आता तू म्हणशील, माझी कंपनी मोठी आहे, ती देईलच की रजा. देईल, तुला देईल. मला काळजी सूनबाईची आहे. एल-वनवाल्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या वर्क परमिटसाठी थांबावं लागत नाही. ती टॉवेलच्या एक्स्पोर्टवाल्याकडं अकाउंट्स बघते, तिकडं घरी बसायची नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आल्या आल्या तिच्या हाताला येईल ते तासावरचं काम. दुकानातलं, एखाद्या डेंटिस्टच्या फ्रंट डेस्कवरचं, छोट्या ऑफिसातलं. तिथं कंपनीची पॉलिसी वगैरे काही नसते. राज्याचा कायदा असेल तर रजा, नसेल तर जितके तास भरले तितकाच पगार. विडीचं कसं, वळल्या तेवढ्याचे पैसे. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही, तुझ्यासारख्या मंथली पगारवाल्याला लागतं.

आपल्याकडं सगळं छान आहे असंही मला म्हणायचं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्याचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं, कापलं जातं त्याला आजारपणात सरासरी रोजंदारीच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी पगारातून पाऊण टक्का जातो आणि पगार २१,००० च्या आत असावा लागतो. ज्या पॉवरलूमवाल्याचं ईएसआयच नाही, त्याचा खाडा म्हणजे खाडाच. पण एक बघ. लेकीला ताप आला म्हणून ईएसआय सूनबाईला पैसे देत नाही, आणि तरीही तिचा आजवर एक खाडा झालेला नाही. का? घरात वहिनी, म्हणजे तुझी आई, आहेत म्हणून. वहिनींचं ते काम तिकडं कोण करणार, एवढंच तुला ठरवायचंय.

फ्लूचा बाऊ का करतात तेही त्यातच आलं. अमेरिकेत सीझन साधारण ऑक्टोबरला सुरू होतो, डिसेंबर ते फेब्रुवारी जोरात असतो, कधीकधी मेपर्यंत रेंगाळतो. डेकेअरमध्ये पोरं दिवसभर बंद खोलीत, बाहेर बर्फ. अकरा वाजता फोन येतो, "ताप १००.४ आहे, घेऊन जा." त्यांच्याकडं पोरीचं जाकीट घालून, बॅग भरून, दाराजवळच्या खुर्चीत तिला बसवून ठेवलेलं असतं. तू शिफ्ट अर्धवट टाकून जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलेला दिसला तरी पाठवता येत नाही. तापाचं औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप नको, हा नियम. क्रोसिन पाजून सोडून यायची आपली युक्ती फार तर दुपारपर्यंत टिकते, मग परत फोन. म्हणजे एका तापाला तीन-चार दिवस धर. ती बरी होते तोवर तू झोपलेला, तू उठतोस तोवर सूनबाई. शिवाय डेकेअरच्या बायकाच टेक्साससारख्या राज्यात बऱ्याचदा तासावर असतात, रजा नसली तर त्याही खोकत खोकत येतात.

डॉक्टरकडं गेलास तरी सुई नाही, सलाईन नाही. पाणी पाजा, आराम करा, बस. सोलापुरातून आलेल्या माणसाला सुरुवातीला वाटतं, पैसे घेतले आणि काहीच दिलं नाही. फ्लूवरचं टॅमिफ्लू असतं, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर उपयोगाचं. म्हणून ताप बघत बसू नकोस, त्याच दिवशी फोन कर.

आता हिशेब, कारण इथं माणसं फसतात. न्यू जर्सीत तास पहिल्या दिवसापासून जमा होतात, पण नव्या माणसाला ते वापरता येतात १२० व्या दिवसापासून. मालकानं आधी वापरू दिले तर गोष्ट वेगळी. सूनबाई १ ऑक्टोबरला कामाला लागली तर तो दिवस येतो जानेवारीच्या शेवटी. निम्मा सीझन गेला, आणि तोवर पूर्णवेळ काम करूनही खात्यात तीन दिवसांच्या आतबाहेरच रजा. तीच जूनच्या सुरुवातीला लागली तर सप्टेंबरअखेर मोकळी. म्हणून जायची तारीख तुझ्या हातात असेल तर दिवाळी करून निघू नको. वहिनी रागावतील, रागावू दे. काही मालक वर्षाचे चाळीस तास सुरुवातीलाच खात्यात टाकतात, ते मुलाखतीत विचारायला तिला लाज वाटायला नको.

तुझ्या स्वतःच्या ऑफरमध्ये पीटीओ असं लिहिलंय का बघ. पीटीओ म्हणजे सुट्टी आणि आजारपण एकाच डब्यात. वर्षाला पंधरा दिवस वाचायला बरे वाटतात, पण त्यातले सहा तापात गेले की गावी यायला उरतात नऊ. जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, यायचं म्हणतोस, आणि फ्लू जोरात असतो तोही नेमका संक्रांतीच्या सुमारासच. सिक लीव्ह वेगळी दाखवलेली असेल तर ती ऑफर माझ्या मते दोन-तीन हजार डॉलरनं जास्त धरावी. आणि "गरज पडली तर घरून काम कर" हे मॅनेजर गोड बोलून सांगेल, त्याला रजा समजू नको. उलट्या करणारं पोरगं कडेवर घेऊन मीटिंगमध्ये बसणं काय असतं ते मी पुष्कळ बघितलंय.

डॅलसला जाऊच नको असं मी म्हणत नाही. भाडं खरंच कमी आहे आणि आपली माणसंही भरपूर आहेत. पण तिकडं जाणार असशील तर टॅक्समधून वाचणारे पैसे खर्चू नको, बिनपगारी दिवसांसाठी बाजूला ठेव. आणि सूनबाईनं शक्यतो शाळा, हॉस्पिटल, बँक अशा ठिकाणी प्रयत्न करावा, तिथं कायदा नसला तरी रजा देतात. मला विचारशील तर दोघं कमावणारे, पोरगी लहान, घरात तिसरं माणूस नाही, तर मी पहिली दोन वर्षं न्यू जर्सीच धरीन.

लस मात्र कुठंही जा, घ्यायचीच. डॉक्टर सहा महिन्यांवरच्या सगळ्यांना दरवर्षी घ्यायला सांगतात, आणि विमा असला की औषधाच्या दुकानात सहसा फुकट मिळते. पोरीनं फ्लूची लस कधीच घेतलेली नसेल तर तिला पहिल्या वर्षी दोन डोस लागतील, मध्ये चार आठवडे. म्हणून सप्टेंबरातच सुरू कर.

वहिनींना थंडीत बोलावून घ्यायचा विचार मनात असणारच, सगळेच करतात. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. पण त्यांचा प्रवासी विमा घेताना बीपी-शुगरचं काय ते नीट वाचून घे, जुनी दुखणी बहुतेक पॉलिसींत वगळलेली असतात. आणि म्हाताऱ्या माणसाला फ्लू पोरांपेक्षा जड जातो, तेव्हा त्यांनी सोलापुरातच लस टोचून घेऊन मगच विमानात बसावं. लसीला अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, तिकीट त्या हिशेबानं काढ. एचआरला पीटीओचं विचारलंस की उत्तर जसंच्या तसं मला पाठव.