एसॉप रॉक हा अंडरग्राउंड रॅपर गोष्ट कशी सांगतो? लेबलशिवाय, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशिवाय, इतकी वर्षं कसा टिकला?

२०१६ च्या दिवाळीत पुण्याहून इचलकरंजीला चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, गाडीतून चाललो होतो. एसॉप रॉकचा ‘द इम्पॉसिबल किड’ हा अल्बम त्याच वर्षी आलेला. खंबाटकी चढताना मी त्यातलं ‘ब्लड सँडविच’ लावलं. हा माणूस तोंडात खडे घेऊन बोलतो असं दादाचं म्हणणं, म्हणून थांबवत थांबवत मराठीत सांगत होतो. तिघं भाऊ, एसॉप रॉक मधला. पहिल्या कडव्यात धाकट्याची बेसबॉलची मॅच चाललीय, मैदानात बिळातला कुठलासा प्राणी वर येतो आणि कोच बॅटनं त्याचा चेंदा करतो. दुसऱ्या कडव्यात थोरल्याला मिनिस्ट्री या बँडच्या कार्यक्रमाला जायचंय, आई सोडत नाही.

दादा म्हणाला, “मग? कोरस कुठाय? आणि ह्यातनं सांगायचंय काय त्याला?”

त्याला काही सांगायचं नाही, दाखवायचंय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स नावाच्या एकानं रॅपर्सच्या गाण्यांतले पहिले ३५,००० शब्द मोजले, त्यात याचे वेगवेगळे शब्द ७,३९२, सगळ्यांत जास्त. चाहते हा आकडा तोंडावर फेकतात. मला तो बिनकामाचा वाटतो. शब्दकोश मोठा म्हणून गोष्ट चांगली होत नाही. २००१ च्या ‘लेबर डेज’ अल्बममधलं ‘नो रिग्रेट्स’ ऐका: ल्यूसी सात वर्षांची, मग सदतीसची, मग सत्त्याऐंशीची, आयुष्यभर चित्रं काढणारी. शब्द साधेच. सुरुवात तिथून करा.

या दाखवण्यावरूनच दादाशी माझं जुनं भांडण आहे. काकांचे माग भंगारात गेले तेव्हा मी त्यावर रॅप लिहिला होता. विकायचा निर्णय दादाचाच, आणि बरोबरच होता, त्यावर वाद नाही. पण त्या दिवशी सकाळीही काकांनी सवयीनं सगळ्या मागांना तेल घातलं होतं, आणि भंगारवाल्यानं काट्यावर तेलाचे म्हणून मागामागं दोन-दोन किलो कापले. काका शेजारी उभे राहून “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणत होते. माझं अख्खं गाणं या एका गोष्टीवर होतं. दादा म्हणाला, तेलाचं काढ, बाबांची चेष्टा केल्यासारखी वाटते. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, कोरस टाक, नाहीतर कोण ऐकणार. मी दोघांचंही ऐकलं. तेल गेलं आणि “माग थांबले तरी काळजाचा खटका थांबेना” असलं काहीतरी चार वेळा आलं. अजून लाज वाटते.

टिकायचं म्हणाल तर एसॉप रॉकनं १९९७ आणि १९९९ ला स्वतःच्या स्वतः रेकॉर्ड काढल्या, ऐकणारे हळूहळू जमवले आणि त्यांना कळावं म्हणून लिहिणं पातळ केलं नाही. २०१२ च्या ‘स्केलेथॉन’ अल्बमचं संगीतही सगळं त्याचंच. बाकी दौरे वगैरे सगळेच करतात. तुम्ही स्वतः लिहीत असाल तर भावांना आणि स्टुडिओवाल्यांना आधी ऐकवू नका.

हां, आणि ‘लेबलशिवाय’ हे खरं नाही. आधी डेफिनिटिव्ह जक्स होतं, ते २०१० मध्ये थंडावल्यावर ऱ्हाइमसेयर्स. लेबलंच, पण छोटी. शिवाय अमेरिकेत असल्या गाण्यांची तिकिटं आणि रेकॉर्ड विकत घेणारे लोक आहेत, त्याचा हिशेब इचलकरंजीला लावू नका. आणि त्याच्या निम्म्या ओळी मलाही कळत नाहीत.

माझं ते कोरसवालं गाणं यूट्यूबवर आहे. २१३ व्ह्यूज. त्यातले निम्मे दादाचेच असणार, कुठल्याही लग्नात भेटेल त्याला तो तेच लावून दाखवतो.