डाळिंबाला आळवलेलं औषध जमिनीत किती खोल जातं, हे मोजता येतं का?

सांगोल्याकडच्या बागेत खोडकिड्यासाठी आळवणी करता (औषधाचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतता), वर दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम, आणि त्याच शेतातल्या विहिरीचं पाणी घरी पिता, असं तुम्ही लिहिलंय. मी माती-पाणी तपासणीच्या कामात आहे. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोजता येतं. आधी औषध कोणतं ते बघा. क्लोरपायरीफॉस मातीतल्या सेंद्रिय भागाला घट्ट चिकटतं आणि बहुतांश वरच्या थरातच अडकतं. थायमेथोक्झाम पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं धरून राहत नाही, त्यामुळे पाण्याबरोबर खाली जातं. चिकटण्याचं प्रमाण आणि अर्धायुष्य (औषध मातीत निम्मं उरायला लागणारा काळ) यांवरून गस्टाफसन या संशोधकांनी १९८९ मध्ये एक निर्देशांक मांडला. तो २.८ च्या वर असेल तर औषध झिरपणारं, १.८ च्या खाली असेल तर न झिरपणारं.

पण आपल्या सोलापूरच्या काळ्या मातीत या आकड्यावर विसंबू नका. बहारासाठी ताण दिला, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही काळ पाणी तोडलं, की जमीन भेगाळते. त्यानंतर पहिलं मोठं पाणी मातीत मुरत बसत नाही, भेगेतून थेट मुरमापर्यंत उतरतं, आणि मग चिकट औषधसुद्धा त्याच्यासोबत जातं. प्रयोगशाळेत चाळलेली माती पाइपात भरून चाचणी करतात, तिच्यात भेगाच नसतात. म्हणून नमुने शेतातलेच हवेत.

आळवणीआधी एकदा, आणि नंतर प्रत्येक मोठ्या पावसानंतर नमुने घ्या. थर असे: ०-१५, १५-३०, ३०-६०, ६०-९० सेंमी. गिरमिटाने वरची माती खालच्या नमुन्यात मिसळते आणि निकाल फसवा येतो. त्यापेक्षा खड्डा घ्या, भिंत खरवडून साफ करा आणि खालून वर नमुने काढा. भेगेच्या कडेची माती वेगळ्या पिशवीत, मधल्या ढेकळाची वेगळ्या. या दोघींतला फरक हाच खरा निकाल, असं माझं मत आहे. नमुने बर्फात ठेवून लगेच पोचवा. पाणी किती खोल गेलं तेही बघायचं असेल तर संशोधक सोबत ब्रोमाइडचं मीठ टाकतात. ते मातीला जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे पाण्याची वाट दाखवतं.

विहिरीचं पाणी गडद काचेच्या बाटलीत द्या, आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधीच विचारा की त्यांचं यंत्र किती कमी प्रमाण पकडतं. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. तेवढं पकडता येत नसेल तर 'आढळले नाही' या शेऱ्यावर निर्धास्त होऊ नका.

अहवाल येईपर्यंत दोन गोष्टी आजच करा. भेगाळलेल्या जमिनीत आळवणी नको. आधी ठिबकने हलकं पाणी देऊन भेगा मिटू द्या, वाफसा आला, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली झाली, की औषध द्या. आणि पावसाचा अंदाज असेल तर आळवणी पुढे ढकला.