इंग्लंडच्या डोंगराळ भागात मोटारी टाळून चार-पाच दिवस सायकलने फिरता येईल का? – उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पुण्याहून जूनअखेरीस येताय, सायकली बरोबर आणताय, सामान कॅरिअरवर. ताम्हिणीचे चढ पायाखालचे आहेत, पण डंपरना कंटाळलाय. डोंगर हवेत, गाड्या नकोत, आणि लेक डिस्ट्रिक्टला जावं का?

लेक डिस्ट्रिक्टला जरूर जा, पण चालायला. तिथे गाड्यांशिवायचा चांगला सायकलमार्ग म्हणजे केसिक ते थ्रेलकेल्ड. 2015 च्या वादळात त्याचे पूल वाहून गेले आणि 2020 मध्ये तो पुन्हा सुरू झाला. सुंदर आहे, पण सकाळच्या चहानंतर निघालात तर दुपारच्या जेवणाआधी संपेल. बाथ शहराजवळचा दोन बोगद्यांचा मार्गही तसाच. त्यातला कूम डाउनचा बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे, मजा येते, पण त्यासाठी चार दिवस नकोत. माझं उत्तर डर्बीशर, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टचा दक्षिणेकडचा चुनखडीचा भाग. मी तिथून फार लांब राहत नाही, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे नकाशा बघताना फसगत होणार नाही. इंग्लंडच्या डोंगरात मोटारींशिवायचा लांब सायकलमार्ग जवळजवळ नेहमी बंद पडलेल्या रेल्वेचा असतो. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वेला चढ फार सोसत नाही. म्हणून इंजिनिअरांनी डोंगर फोडले, दऱ्यांत भराव टाकले. 1960 च्या दशकात तोट्यातले मार्ग धडाधड बंद झाले, रूळ उखडले, आणि मागे राहिली ती डोंगरातली जवळपास सपाट वाट. गंमत म्हणजे खरा चढ या वाटांवर सहसा नाहीच. चढ आहे तो एका वाटेवरून दुसरीवर जाताना. वाटा अजून सलग जोडलेल्या नाहीत आणि मधले तुकडे गावाकडच्या बारीक रस्त्यांनीच काढावे लागतात. तेव्हा आखणी करताना वाटांची लांबी नंतर बघा, आधी हे सांधे बघा. राष्ट्रीय सायकल जाळ्याचा नंबर दिसला म्हणजे मोटारी नाहीत असंही समजू नका. त्या जाळ्याचा मोठा भाग साध्या रस्त्यांवरूनच जातो.

मी असं करेन. लंडनच्या सेंट पँक्रसहून डर्बीला थेट रेल्वे आहे, फक्त सायकलीची जागा आधी राखून ठेवा. डर्बीहून एटवॉलमार्गे अ‍ॅशबोर्न. एटवॉलपर्यंत बराचसा भाग जुन्या रेल्वेचा, पुढे कुरणांमधले बारीक रस्ते. मुक्काम अ‍ॅशबोर्नला.

दुसऱ्या दिवशी टिसिंग्टन ट्रेल, ‘पार्सली हे’ नावाच्या ठिकाणापर्यंत 21 किलोमीटर. ही रेल्वे 1899 ची, आणि 1971 पासून ती पायी आणि सायकलवाल्यांची. अ‍ॅशबोर्न साधारण 130 मीटर उंचीवर, पार्सली हे 350 वर. म्हणजे दिवसभर चढच, पण एक टक्क्याचा. पाय दुखत नाहीत, फक्त वेग का येत नाही याचं नवल वाटत राहतं. अपवाद एकच: अ‍ॅशबोर्न सोडल्यावर लगेच एका ओढ्यावरचा जुना रेल्वेपूल पाडलेला आहे, तिथे वाट तीव्र उतरून तशीच वर चढते. सामान असेल तर ढकला. वर पोचल्यावर झाडं संपतात, दगडी कुंपणं सुरू होतात आणि वारा लागतो. जून असला तरी विंडचीटर हाताशी ठेवा.

मुक्काम हार्टिंग्टनला करा. तिथल्या जुन्या हवेलीत यूथ हॉस्टेल आहे आणि इथूनच पुढचे दोन दिवस रिकाम्या सायकलीने करता येतात. गाव वाटेच्या खाली दरीत आहे, म्हणजे संध्याकाळी उतार आणि सकाळी चढ. हा पहिला सांधा.

एक दिवस मॅनिफोल्ड नदीच्या दरीत. हल्म एंडहून वॉटरहाउसेसपर्यंत सुमारे 13 किलोमीटर, जुन्या नॅरोगेजची वाट. ती गाडी 1904 ला सुरू झाली आणि 1934 ला बंद पडली. तीस वर्षांतच तिचं आयुष्य संपलं. हिच्यावर डांबर आहे. मधला एक तुकडा, बोगद्यासकट, मोटारींनाही खुला आहे, तेवढ्यात दिवा लावा. कोरड्या उन्हाळ्यात नदी चुनखडीत गडप होते आणि पात्रात नुसते गोटे राहतात. वर कड्यात थॉर्स केव्ह ही प्रचंड गुहा आहे. सायकल खाली कुलूप लावून चढा.

त्यानंतरचा दिवस मॉन्सल ट्रेलचा, आणि एकच दिवस असता तर मी हाच निवडला असता. बेकवेलजवळून वायडेलच्या टोकापर्यंत सुमारे 14 किलोमीटर. बंद पडलेले बोगदे 2011 मध्ये खुले झाले. हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन, ची टॉर, प्रत्येकी 400 ते 500 मीटरच्या आसपास. आत दिवसा दिवे असतात, पण गारठा कायम. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच थेट दरीवरच्या पुलावर येता. हा पूल 1863 चा, त्याच वर्षी आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ज्याच्या लेखनावरून गांधीजींना ‘सर्वोदय’ सुचला तो इंग्रज लेखक रस्किन या रेल्वेवर भयंकर चिडला होता. दरी बिघडवली ती कशासाठी, तर बक्सटनचा मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलचा मूर्ख बक्सटनला पोचावा म्हणून, असा त्याचा राग. आता लोक त्याच पुलाचा फोटो काढायला येतात.

इथला सांधा मात्र मोठा आहे. पार्सली हेहून मॉनयाशमार्गे बेकवेल म्हणजे उतार आणि परतीला तेवढाच चढ, दोनशे मीटरच्या वर. ताम्हिणी चढणाऱ्यांना हे काहीच नाही, आणि सामान हॉस्टेलवर असेल तर त्याहून नाही. वायडेलच्या टोकाहून बक्सटनला जाण्याचा मोह होईल. तो हमरस्ता जड वाहतुकीचा आहे, तिथूनच मागे फिरा. मिलर्स डेलच्या जुन्या स्टेशनात चहा मिळतो. डर्बीशरचा ओटकेक कुठे दिसला तर घ्या: ओटच्या पिठाचं जाड घावनच, वर वितळलेलं चीज. शाकाहारी असाल तर या भागात हाच मोठा आधार.

शेवटच्या दिवशी हाय पीक ट्रेलने क्रॉमफर्डला उतरा. सपाट वाटेचा नियम मोडणारी रेल्वे ती हीच. 1830-31 ची, इंजिनांवर भरवसा बसण्याआधीची, म्हणून डोंगराचे टप्पे केले आणि मालगाडीच्या वाघिणी दोराने ओढल्या. हॉप्टनचा उतार 14 ला 1, म्हणजे 14 मीटरला एक मीटर. बोरघाटात तो 37 ला 1 आहे, यावरून कल्पना करा. पुढे मिडलटन आणि शीप पाश्चर याहून कडक, आठ-नऊला 1. तुमची दिशा उताराची, पण कॅरिअरच्या भरलेल्या पिशव्यांसह (पॅनिअर) खडीवर ब्रेक दाबत जाऊ नका, मिडलटनला उतरून चाला. वर जुनं वाफेचं इंजिनघर आहे, खाली शीप पाश्चरच्या पायथ्याजवळ सुटलेल्या वाघिणी अडवायचा खड्डा आहे आणि त्यात एक मोडकी वाघीण अजून पडलेली दिसते. तिथून कालव्याच्या काठाने क्रॉमफर्ड स्टेशन, आणि डर्बीची गाडी.

टायर 35 मिलिमीटरचे तरी असूद्यात. चुन्याची पांढरी चिकट माती पावसात ब्रेकमध्ये भरते, तेव्हा एक जुना टूथब्रश ठेवा. घंटी हवीच, आणि घोडेस्वार पुढे असेल तर घंटीऐवजी लांबूनच ‘हॅलो’ म्हणा, घोडा बिचकत नाही. ‘फुटपाथ’ लिहिलेल्या पायवाटेवर सायकलला हक्क नाही, ‘ब्रायडलवे’वर, म्हणजे घोड्यांसाठीही असलेल्या वाटेवर, आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 24 हा कागदी नकाशा घ्या, दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते. आणि मॉन्सलचा दिवस शनिवार-रविवारी येऊ देऊ नका, कुत्रे आणि तीनचाकीवरची पोरं यांतून वाट काढण्यातच वेळ जाईल.